दोन परब, दोन ट्यूब

“चूक काय, कोणाकडूनही होते ताई. मी भांडायला आलेलो नाही. फक्त नावं बदलून द्या.”

परबकाकांनी दोन रिपोर्ट माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक त्यांचा, एक काकूंचा. मग डावीकडचा उचलून उजवीकडे ठेवला, उजवीकडचा डावीकडे, आणि समाधानाने मागे टेकून बसले. “असं. आता कसं बरोबर दिसतंय.”

काकू बाजूच्या खुर्चीत मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. आमची लॅब मुलुंड पूर्वेला, पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही. काकांचं बोलून झालं तरी काकूंचा श्वास अजून जागेवर आला नव्हता. मी पाणी दिलं. “वय झाला गो बाय,” त्या हसून म्हणाल्या. वय किती, तर सत्तावन्न.

मी या लॅबमध्ये सीनियर टेक्निशियन आहे. रक्त काढायचं, मशीनला लावायचं, आलेला आकडा पटण्यासारखा आहे का ते बघायचं आणि रिपोर्ट सहीसाठी डॉक्टरांकडे पाठवायचा, हे माझं काम. अर्धं आयुष्य यातच गेलं. लोकांची बोलणी खायची सवय आहे. सुई दुखली म्हणून ओरडा, रिपोर्टला उशीर झाला म्हणून ओरडा, शुगर वाढली म्हणूनही ओरडा, जसं काही मीच त्यांच्या घरी जाऊन जिलेब्या भरवल्या. पण इतक्या प्रेमाने एवढा मोठा आरोप माझ्यावर कोणी केला नव्हता.

कारण लॅबमध्ये सगळ्या चुका सारख्या नसतात. मशीन बिघडलं तर कळतं, आकडे वेडेवाकडे येतात. पण एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलं तर आकडे अगदी शहाण्यासारखे येतात. कोणाला संशयच येत नाही. आजारी माणूस खुशीत घरी जातो आणि धडधाकट माणूस गोळ्या खात बसतो. सॅम्पल बदलणं म्हणतात ते हेच, आणि आमच्या धंद्यात याच्या नुसत्या नावाने झोप उडते.

आदल्या रविवारी परबांच्या सोसायटीत आम्ही हेल्थ चेकअपचा कॅम्प घेतला होता. क्लब हाउसमध्ये दोन टेबलं, बाहेर पोह्यांचा वास, आणि उपाशीपोटी आलेल्या लोकांची चिडचिड. प्रत्येकाचं रक्त घेतल्यावर त्याच्यासमोरच ट्यूबवर बारकोडचा स्टिकर लावायचा असा नियम आहे. त्या सकाळी स्टिकर छापायचा प्रिंटरच अडकला. सेक्रेटरी दर दोन मिनिटांनी येऊन “मॅडम, पोहे थंड होतायत” म्हणून जायचा. मग मी लेबलं हाताने लिहिली. नाव, वय, स्त्री की पुरुष.

काकांचं नाव सदानंद, काकूंचं सुलभा. एकामागोमाग एक बसले. एका ट्यूबवर एस. परब, एम, त्रेसष्ट. दुसरीवर एस. परब, एफ, सत्तावन्न. रॅकमध्ये दोन्ही शेजारी शेजारी.

आता रिपोर्टकडे वळते. तपासणीचं नाव लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची मोजदाद. कोलेस्टेरॉल ही मेणासारखी चरबी. ती शरीराला लागतेच, आणि बरीचशी आपलं यकृत घरच्या घरीच बनवतं. एलडीएल ती रक्तवाहिन्यांच्या भिंतीत नेऊन टाकतं, म्हणून त्याला वाईट म्हणतात. एचडीएल ती उचलून परत नेतं, म्हणून ते चांगलं. ट्रायग्लिसराइड्स ही आणखी एक चरबी, गोड, भात आणि तळण जास्त झालं की चढणारी.

काकूंच्या नावावरच्या रिपोर्टात एकूण कोलेस्टेरॉल दोनशे शहाऐंशी होतं, एलडीएल एकशे अठ्ठ्याण्णव. दोन्ही आकडे ठळक अक्षरांत, पुढे बाण. काकांचं एकूण एकशे ब्याऐंशी, एलडीएल एकशे सोळा. नाही म्हणायला बाण एकच, एचडीएल चौतीस म्हणून खाली दाखवणारा. त्याच्याकडे कोणी बघितलं नव्हतं.

“तुम्हीच सांगा,” काका म्हणाले, “हिने मासे सोडलेत. पोरगा लहानपणी आजारी पडला तेव्हा देवाला बोलली, ते आजतागायत तोंडाला लावले नाहीत. सोमवार, गुरुवार, संकष्टी. ही काही खातच नाही हो. अंगावर बघा, काही आहे का? आणि मी?” त्यांनी स्वतःच्या पोटावर थाप मारली. “बांगडा रोज दिला तरी चालेल. रविवारी मटण. गावाला गेलो की विचारूच नका. आणि कोलेस्टेरॉल कोणाला? हिला! आख्खी बिल्डिंग हसतेय.”

“मासे खाऊन कोलेस्टेरॉल वाढतंच असं नाही, काका.”

“ते असू दे. पण उपास करून वाढतं का?”

काकूंनी मान हलवून त्यांना दुजोरा दिला. “माका काय होवचा नाय. ह्यांचाच असतला तो रिपोर्ट.”

बोलणं त्यांचं तर्काला धरून होतं. आणि लेबलं मीच लिहिली होती, माझ्या अक्षरात, माझ्या पेनाने. एरवी मी छातीठोक सांगितलं असतं. पण तो अडकलेला प्रिंटर, ते पोहे, ते दोन एस. परब. मी दोघांना बसायला सांगितलं आणि आत गेले.

आमच्या डॉक्टर, प्रभुदेसाई मॅडम, पॅथॉलॉजिस्ट आहेत. लॅब त्यांचीच. स्लाइडवरून डोळा न काढता त्यांनी विचारलं, “मशीन?”

“नाही मॅडम. परब.”

सगळं सांगितलं. त्यांनी डोळा वर केला. “तुला काय वाटतं, वैशाली?”

“नाही बदललं. नव्व्याण्णव टक्के.”

“आणि उरलेला एक?”

दुसरा कोणी बॉस असता तर आधी माझी हजेरी घेतली असती, मग बाहेर जाऊन गिऱ्हाइकाला “आमच्याकडे असं होतच नाही” म्हणून वाटेला लावलं असतं. मॅडमनी तसं काही केलं नाही. “ट्यूब आहेत ना?” एवढंच विचारलं.

ट्यूब होत्या. रिपोर्ट गेल्यावरही सॅम्पल आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवायचं ही मॅडमची शिस्त. फ्रिजमध्ये जागा नसते म्हणून मी दर महिन्याला कुरकुर करते. त्या दिवशी मी त्या फ्रिजला मनातल्या मनात नमस्कार केला.

मॅडम बाहेर आल्या, खुर्ची ओढून काकांच्या समोर बसल्या. मॅडमची एक सवय आहे, पेशंटशी उभ्याने बोलत नाहीत.

“परब, तुमची शंका रास्त आहे. आम्ही तपासू. पण त्याआधी एक सांगते. हे रिपोर्ट न बदलता, असेच, बरोबर असू शकतात.”

“ते कसं काय?”

“काकू, पाळी जाऊन किती वर्षं झाली?”

काकूंनी आधी काकांकडे बघितलं, मग भिंतीकडे. “झाली असतील पाच-सहा.”

“मग ऐका. पुरुषाचं कोलेस्टेरॉल तरुणपणापासून हळूहळू चढतं आणि पन्नाशीच्या आसपास बरंचसं थांबतं. बाईचं पाळी चालू असेपर्यंत साधारण त्याच्यापेक्षा खाली असतं. इस्ट्रोजेन म्हणून हार्मोन असतं, ते यकृताला एलडीएल रक्तातून उचलायला लावतं. पाळी गेली की इस्ट्रोजेन आटतं. मग एलडीएल चढायला लागतं, आणि काही वर्षांत बाई त्याच वयाच्या पुरुषाच्या पुढे जाते. जेवण तेच, घर तेच, तरी.”

“म्हणजे बायकोने ओव्हरटेक केलं मला?” काका हसले. मॅडम हसल्या नाहीत.

“आता हे बघा.” त्यांनी काकूंच्या रिपोर्टवर बोट ठेवलं. “एचडीएल चव्वेचाळीस. हेच चव्वेचाळीस तुमच्या नावावर असतं तर बाण आला नसता. पुरुषाची हद्द चाळीस, बाईची पन्नास. आकडा तोच, बाईच्या अंगात तो कमी आहे. बायकांचं एचडीएल मुळात जास्त असतं, असायला हवं.”

काकांनी तो आकडा वाकून बघितला. मग म्हणाले, “ठीक आहे. पण माझं नॉर्मल कसं? एवढं खाऊन?”

“नॉर्मल कुठे आहे? चौतीस एचडीएल आहे तुमचं.” मॅडम पुढे झुकल्या. “मी काही वर्षं इंग्लंडला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते. तिथे हृदयाचा धोका मोजताना वय विचारतात, स्त्री की पुरुष विचारतात, आणि तुमचे पूर्वज कुठले तेही विचारतात. मला आधी राग यायचा. वाटायचं, रक्ताला कशाला हवाय देश? नंतर रिपोर्ट बघून बघून कळलं. आपल्या लोकांचं एकूण कोलेस्टेरॉल गोऱ्यांपेक्षा जास्त असतंच असं नाही, पुष्कळदा कमीच असतं. पण एचडीएल कमी, ट्रायग्लिसराइड्स जास्त, आणि चरबी साठते ती पोटावर. हार्ट अटॅक त्यांच्यापेक्षा बराच लवकर येतो. तेव्हा आपल्याकडे नुसता एकूण आकडा बघून खूश व्हायचं नसतं. तुम्ही मूळचे कुठले?”

“कुडाळ,” काका तत्परतेने म्हणाले.

इथे मात्र मॅडमना हसू आलं. मलाही.

काका तरी बधले नाहीत. कोकणातला माणूस, पुराव्याशिवाय मान डोलावणार नाही. “हे सगळं पुस्तकातलं झालं. त्या दिवशीचं रक्त कोणाचं, ते कसं सांगणार?”

“सोपं आहे. आत्ता दोघांचं परत घेऊ, दुपारपर्यंत आकडे देते. एक रुपया नको.”

“माझं आता घेऊन काय उपयोग?” काका म्हणाले. “मी गोळी चालू केली ना.”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मी मॅडमकडे.

“कसली गोळी?”

“कोलेस्टेरॉलची. हिच्या नावावर आली होती ती. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी रिपोर्ट बघून हिला लिहून दिली. घरी आल्यावर मी म्हटलं, रिपोर्ट माझा आहे, तर गोळी पण माझीच. बायकोला कशाला उगाच औषधं खायला लावायची? तिचं शरीर आधीच नाजूक. म्हणून मीच घेतो रोज रात्री. डॉक्टर म्हणाले, माझ्या नावावर हवी असेल तर लॅबमधून रिपोर्ट बदलून आणा. म्हणून तर आलोय.”

“आणि काकू?”

“ती कशाला घेईल?”

हे त्यांनी इतक्या मायेने सांगितलं की रागावताही येईना. बायकोचं दुखणं आपल्या अंगावर घेतल्यासारखा त्यांचा चेहरा होता. पण आता प्रश्न माझ्या नोकरीचा उरलाच नव्हता. रिपोर्ट खरोखर बदलले असतील तर काका योग्य तीच गोळी खात होते. बदलले नसतील, तर दोनशे शहाऐंशी कोलेस्टेरॉल घेऊन ही बाई औषधाविना फिरत होती, आणि मघाशी एक जिना चढून तिला दम लागला होता.

“मग दुपारपर्यंत थांबायलाच नको. तुमचा ब्लड ग्रुप माहीत आहे?” मॅडमनी विचारलं.

“माझा बी पॉझिटिव्ह. मंडळाच्या रक्तदान शिबिरात दर वर्षी पहिला नंबर माझा.”

“काकू?”

“ओ. बाळंतपणात सांगितलेला.”

मॅडमनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मला पुढचं सांगायची गरज नव्हती.

फ्रिजमधून दोन्ही लाल टोपीच्या ट्यूब आणल्या. लाल टोपीची ट्यूब साधी असते. तिच्यात रक्त गोठतं, खाली गुठळी बसते आणि वर पिवळसर पाणी राहतं. त्याला सीरम म्हणतात. कोलेस्टेरॉल मोजतात ते या सीरममधून. म्हणजे ज्या ट्यूबमधून काकूंचा एकशे अठ्ठ्याण्णवचा आकडा आला, त्याच ट्यूबच्या तळाशी त्या माणसाच्या लाल पेशी अजून होत्या. आकडा कोणाच्याही नावावर लिहिता येतो, पण पेशींचा ग्रुप बदलता येत नाही.

काका उठून माझ्या टेबलाजवळ आले. “इथे उभं राहू का?”

“राहा. उलट बरं.”

आधी दोघांच्या बोटांना सुई टोचून ताजा थेंब घेतला, म्हणजे सांगितलेल्या ग्रुपवर विसंबायला नको. मग दोन्ही ट्यूबच्या गुठळीतून काडीने थोड्या पेशी सोडवल्या, सलाइनने धुतल्या. चार स्लाइड मांडल्या. वरच्या ओळीत आजचं ताजं रक्त, खालच्या ओळीत रविवारच्या ट्यूबमधलं. प्रत्येक स्लाइडवर दोन ठिकाणी थेंब. एकात निळं औषध टाकायचं, एकात पिवळं. निळं ए ग्रुपच्या पेशी ओळखतं, पिवळं बी ग्रुपच्या. ओळख पटली की रक्त फाटलेल्या दुधासारखं दाणेदार होतं. नाही पटली तर तसंच गुळगुळीत राहतं. ओ ग्रुपवाल्याचं दोन्हीकडे गुळगुळीत.

हे मी हजारो वेळा केलंय, कॉलेजच्या पोरांना शिकवलंय. तरी प्रत्येक स्लाइडवरचं नाव मी दोनदा वाचलं.

आधी ताजं. काकांच्या रक्तात पिवळ्याकडे लगेच दाणे धरले. काकूंचं दोन्हीकडे गुळगुळीत. बी आणि ओ, सांगितले तसे.

मग रविवारची काकांची ट्यूब, एम, त्रेसष्ट. पिवळ्याकडे दाणे. बी.

मग काकूंची. मी स्लाइड उजेडात धरली, तिरकी केली, परत हलवली. निळ्याकडे काही नाही. पिवळ्याकडे काही नाही. काका माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. त्यांचा श्वास मला कानाजवळ ऐकू येत होता.

“परत करा,” ते म्हणाले.

परत केलं. तेच आलं. ओ.

“म्हणजे तो रिपोर्ट…”

“काकूंचाच आहे, काका.”

खोटं कशाला बोलू, माझा जीव भांड्यात पडला होता. पण काकांकडे बघितलं आणि तो आनंद तिथेच विरला. एवढा मोठा माणूस, एकदम खुर्ची चाचपडायला लागला. “मी तिची गोळी खाल्ली,” ते म्हणाले. “रोज. तिच्या समोर बसून.”

“तुम्हाला काही होणार नाही त्याने,” मॅडम म्हणाल्या. “कदाचित तुमचे डॉक्टर तुम्हालाही ती देतील. पण तुमची तुम्हाला, काकूंची काकूंना.” मग त्या काकूंकडे वळल्या. त्यांचा आवाज बदलला होता. “काकू, जिने चढताना असा दम कधीपासून लागतोय?”

“ता काय, गॅस धरता.”

“छातीत दुखतं?”

“दुखत नाय. हंय भरान येता.” काकूंनी हात जबड्याखाली नेला, मग मानेवरून खांद्यापर्यंत फिरवला. “बाजारातून पिशवी घेऊन इलंय काय. बसलंय काय बरा वाटता.”

काकांनी मान वर केली. “माका कधी बोललंस नाय गो?”

“तुमी कधी इचारलात?” काकू म्हणाल्या. भांडण म्हणून नाही, साधी माहिती दिल्यासारखं.

पुष्कळ बायकांचं हृदय दुखतं तेव्हा सिनेमातल्यासारखा हात छातीवर जात नाही. दम लागतो, जबडा भरतो, पाठ धरते, मळमळतं. आणि त्या गॅसची गोळी घेऊन पोळ्या लाटायला लागतात. हे मॅडमनी तेव्हा सांगितलं नाही, नंतर मला सांगितलं. तेव्हा त्या फक्त म्हणाल्या, “वैशाली, ईसीजी.”

आमच्याकडे ईसीजीचं मशीन आहे. पट्टीवर फार काही दिसलं नाही. बारीकसा बदल होता, तोही वाटलं तर आहे, वाटलं तर नाही. मी मनात म्हटलं, चला, सुटलो. मॅडमनी फोन लावला. त्यांच्या ओळखीच्या हार्टच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, “आराम करताना काढलेल्या ईसीजीवर माझा विश्वास नाही. हिला आजच बघ.” काकांना म्हणाल्या, “रिक्षाने जा. घरी जाऊन कपडे बदलून वगैरे नको. आणि जिना हळू उतरवा.”

“भात लावून इलंय,” काकू म्हणाल्या.

“शेजारी किल्ली आहे ना? त्यांना फोन करा.”

ते उतरेपर्यंत मी दारात उभी होते. काकांनी काकूंचा दंड धरला होता. काकूंना ते अवघड वाटत होतं, कोणी बघेल म्हणून त्या हात सोडवत होत्या. काका सोडत नव्हते.

त्यांना लगेच दाखल करून घेतलं. अँजिओग्राफी झाली. म्हणजे हृदयाच्या नळ्यांमध्ये औषध सोडून फोटो काढतात. एका मुख्य नळीत मोठा अडथळा निघाला. स्टेंट टाकला. स्टेंट म्हणजे जाळीची बारीक नळी, ती आतून रस्ता उघडा धरते. तिथल्या डॉक्टरांनी मॅडमना फोनवर जे सांगितलं ते मॅडमनी मला जसंच्या तसं सांगितलं, “आणखी थोडे दिवस गेले असते तर ही बाई चालत आली नसती.” मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. कशाला, ते मलाही नीट सांगता येणार नाही. सुटकेचं असावं.

बाहेर आले तर मॅडम हातात सिरिंज घेऊन उभ्या.

“बस.”

“मला काय झालंय?”

“वय काय तुझं?”

“बावन्न.”

“पाळी?”

मी भिंतीकडे बघितलं. अगदी काकूंनी बघितलं होतं तसं. मॅडमनी स्वतः माझं रक्त काढलं. आता मीही रोज रात्री एक गोळी घेते आणि संध्याकाळी पायी घरी जाते. याबद्दल मॅडमचे आभार मानायला गेले तर त्या म्हणाल्या, “परबांचे मान.”

खरं आहे ते. मी परबकाकांची मनापासून आभारी आहे. त्यांनी संशय पोटात ठेवला असता, बिल्डिंगमध्ये चार लोकांत आमच्या लॅबला नावं ठेवून गप्प बसले असते, तर ते रोज रात्री ती गोळी खात राहिले असते आणि काकू बाजाराची पिशवी उचलत राहिल्या असत्या. ते आमच्या तोंडावर येऊन बोलले. नियम म्हणून सांगते, जो माणूस रिपोर्ट घेऊन परत येतो आणि “हे मला पटत नाही” म्हणतो, त्याला आधी बसायला खुर्ची द्यावी.

काही महिन्यांनी काका स्वतःचं एचडीएल बघायला आले. पोट थोडं आत गेलं होतं. काकू बऱ्या आहेत म्हणाले, आता तीन जिने चढतात. सुई लावताना मी सहज विचारलं, “आता गोळी कोण घेतं?”

ते हसले, मग गंभीर झाले. “जेवण झाल्यावर मी माझ्या हाताने देतो तिला. त्यासाठी ती जेवेपर्यंत थांबावं लागतं ना, म्हणून समोर बसतो. नाहीतर आमचं कसं, मी जेवून टीव्हीपुढे, ती मागाहून कधीतरी ओट्यापाशी.” त्यांनी मुठीची उघडझाप केली. “ताई, त्या दिवशी मी तुम्हाला एवढं ठासून सांगितलं ना, ही काही खात नाही म्हणून? लग्नाला पस्तीस वर्षं झाली. मी तिला जेवताना बघितलंच नव्हतं.”

मी सुई काढली, कापूस दाबायला दिला. ट्यूबवर त्यांच्यासमोर स्टिकर लावला आणि त्यांना वाचायला सांगितला. कोणी रिपोर्ट हातात घेऊन विचारलं, तर मी हल्ली एवढंच सांगते. आकडा शेवटी वाचा. आधी वर लिहिलेलं नाव वाचा, वय वाचा, बाई की पुरुष ते वाचा, आणि मग त्या माणसाला विचारा, तुला कसं वाटतंय.